रंग, रूप आणि कार्य : श्वेत रक्तपेशींच्या वर्गीकरणाचा इतिहास

प्रस्तावना

मानवी रक्ताच्या एका घन मिलिमीटरमध्ये सुमारे पन्नास लाख तांबड्या पेशी असतात. त्या तुलनेत पांढऱ्या पेशींची संख्या अगदी अल्प, म्हणजे साधारणतः चार ते अकरा हजार इतकी असते. तरीही शरीराच्या संरक्षणाचा बहुतांश भार याच अल्पसंख्य पेशींवर असतो. रक्ततपासणीच्या कोणत्याही अहवालात या पेशींची पाच नावे आढळतात : न्यूट्रोफिल, लिम्फोसाइट, मोनोसाइट, इओसिनोफिल आणि बेसोफिल. ही नावे आज इतकी रूढ झाली आहेत की, ती कोठून आली आणि ती नेमके काय सांगतात, याचा विचार सहसा केला जात नाही.

या पाच नावांपैकी तीन नावे केवळ रंगाविषयी बोलतात. इओसिन हा आम्लधर्मी रंग स्वीकारणारी ती इओसिनोफिल, आम्लारिधर्मी रंग स्वीकारणारी ती बेसोफिल आणि दोहोंच्या मिश्रणाने रंगणारी ती न्यूट्रोफिल. उरलेल्या दोन नावांपैकी एक पेशीचा आढळ सांगते, तर दुसरे तिच्या केंद्रकाचे रूप. ही पेशी शरीरात काय काम करते, याचे उत्तर पाचांपैकी एकही नाव देत नाही. प्रस्तुत निबंधात या वस्तुस्थितीमागील इतिहासाचा मागोवा घेतला आहे. रूपावरून केलेल्या वर्गीकरणाने वैद्यकाला एक समर्थ साधन दिले. परंतु ज्या पेशीचे रूप अगदी साधे होते, त्या लिम्फोसाइटची, म्हणजेच लसीकापेशीची, अंतर्गत विविधता त्याच वर्गीकरणाआड सुमारे आठ दशके झाकलेली राहिली, हे या निबंधाचे मुख्य प्रतिपाद्य होय.

१. रंगहीन पेशींची ओळख

सूक्ष्मदर्शकाच्या आरंभकाळात संशोधकांचे लक्ष तांबड्या पेशींकडे गेले. डच संशोधक लेव्हेनहुक यांनी सतराव्या शतकातच त्यांचे वर्णन केले होते. पांढऱ्या पेशी मात्र संख्येने थोड्या आणि रंगहीन असल्याने त्या सहज नजरेस पडत नसत. लंडनमधील शरीरशास्त्रज्ञ विल्यम ह्यूसन (१७३९–१७७४) यांनी लसीका, लसीकाग्रंथी आणि थायमस यांतील रंगहीन कणांचा पद्धतशीर अभ्यास केला आणि या अवयवांचा रक्तातील रंगहीन पेशींशी संबंध असावा, असे सुचविले. विच्छेदन करताना झालेल्या जखमेतून जंतुसंसर्ग होऊन वयाच्या पस्तिसाव्या वर्षी त्यांचा मृत्यू झाला आणि हे कार्य दीर्घकाळ पुढे सरकले नाही.

इ.स. १८४३ मध्ये फ्रान्समध्ये गाब्रिएल आंद्राल आणि इंग्लंडमध्ये विल्यम ॲडिसन यांनी स्वतंत्रपणे आजारपणातील पांढऱ्या पेशींची निरीक्षणे प्रसिद्ध केली. १८४५ मध्ये एडिंबरा येथे जॉन ह्यूज बेनेट आणि बर्लिन येथे रुडॉल्फ विरशो यांनी पांढऱ्या पेशींची अमर्याद वाढ झालेल्या रुग्णांचे वर्णन केले. विरशो यांनी या विकाराला पुढे ‘ल्युकेमिया’ हे नाव दिले. १८६७ मध्ये यूलिउस कोनहाइम यांनी बेडकावरील प्रयोगांतून दाखवून दिले की, दाह झालेल्या भागात पांढऱ्या पेशी रक्तवाहिनीच्या भिंतीतून बाहेर पडतात आणि पू मुख्यतः त्यांचाच बनलेला असतो. अशा रीतीने पांढरी पेशी रोगप्रक्रियेशी निगडित आहे, एवढे निश्चित झाले. परंतु ती एकच जात आहे की अनेक, हा प्रश्न तसाच उरला. काही पेशी कणयुक्त दिसतात, काही कणरहित, याची नोंद इंग्रज संशोधक व्हॉर्टन जोन्स यांनी १८४६ मध्ये केली होती. मात्र रंगहीन पेशींतील असे भेद खात्रीने सांगण्याचे साधन तेव्हा उपलब्ध नव्हते.

२. रंजकद्रव्यांचे युग

ते साधन वैद्यकाच्या बाहेरून, कापडउद्योगातून आले. १८५६ मध्ये विल्यम पर्किन यांनी डांबरापासून मिळणाऱ्या ॲनिलीनपासून जांभळा रंग तयार केला आणि पुढील दोन दशकांत जर्मनीत कृत्रिम रंगांचा मोठा उद्योग उभा राहिला. कापड रंगविण्यासाठी निर्माण झालेले हे रंग पाउल एर्लिख (१८५४–१९१५) या तरुण वैद्यकाने प्राण्यांच्या ऊतींवर वापरण्यास आरंभ केला. त्यांचे आप्त कार्ल वायगर्ट हे ऊतिरंजनाच्या क्षेत्रातील अग्रणी होते, त्यांच्याकडून ही दृष्टी एर्लिख यांना लाभली. १८७८ मध्ये लाइपझिग विद्यापीठाला सादर केलेल्या प्रबंधात त्यांनी ‘मास्ट’ पेशींचे वर्णन केले. त्यानंतर बर्लिनच्या शारिते रुग्णालयात त्यांनी आपले लक्ष रक्ताकडे वळविले.

एर्लिख यांची पद्धत वरकरणी साधी होती. काचेवर रक्ताचा पातळ थर पसरायचा, तो वाळवून उष्णतेने पक्का करायचा आणि मग त्यावर निरनिराळे रंग घालायचे. रंग हा केवळ पाहण्याची सोय नसून तो एक रासायनिक प्रश्न आहे, ही त्यामागील कल्पना मात्र मूलगामी होती. एखाद्या पेशीतील कण आम्लधर्मी रंग पकडतात की आम्लारिधर्मी, यावरून त्या कणांचा रासायनिक स्वभाव कळतो, असे त्यांचे गृहीतक होते. या मार्गाने १८७९ मध्ये त्यांनी इओसिनोफिल पेशी वेगळी दाखविली आणि पाठोपाठ कणयुक्त पांढऱ्या पेशींचे तीन वर्ग प्रस्थापित केले. जेथे पूर्वी एकच रंगहीन समूह दिसत होता, तेथे आता परस्परांहून निश्चितपणे वेगळ्या पेशी दिसू लागल्या.

या वर्गीकरणाचा व्यावहारिक लाभ मोठा होता. कोणत्या रोगात कोणत्या पेशींचे प्रमाण वाढते, हे मोजता येऊ लागले. जंतुसंसर्गात न्यूट्रोफिलांची आणि कृमींच्या प्रादुर्भावात इओसिनोफिलांची वाढ ही निदानाची खूण बनली. १८९१ मध्ये रशियातील रोमानोव्हस्की यांनी मिथिलीन ब्ल्यू व इओसिन यांच्या मिश्रणाची पद्धत मांडली. तिच्यात सुधारणा करून विल्यम लीशमन यांनी १९०१ मध्ये जे रंजक तयार केले, ते ‘लीशमन रंजक’ म्हणून भारतातील रोगनिदान प्रयोगशाळांत आजही वापरात आहे. गावोगावच्या प्रयोगशाळेत रक्ताची काच रंगविली जाते, तेव्हा एर्लिख यांनी घालून दिलेल्या वाटेवरूनच ते काम चाललेले असते.

तथापि या पद्धतीला एक अंगभूत मर्यादा होती. ज्या पेशीत रंग पकडणारे ठळक कण आहेत, तिचे वेगळेपण तिने उघड केले. ज्या पेशीत असे कण नाहीत, तिच्याविषयी सांगण्यासारखे तिच्याजवळ फारसे काही नव्हते. गोल, गडद केंद्रक आणि त्याभोवती पेशीद्रव्याची बारीक कडा एवढेच रूप असलेली लसीकापेशी ही अशा पेशींपैकी होती. ती स्वतः हालचाल करू शकत नाही, असे एर्लिख यांचे मत होते आणि त्यांच्या अधिकारामुळे त्या मताला मोठे वजन प्राप्त झाले.

३. पेशी की रक्तद्रव?

पेशींच्या कार्याचा प्रश्न दुसऱ्याच दिशेने पुढे आला. रशियन प्राणिशास्त्रज्ञ इल्या मेचनिकॉव्ह यांनी १८८२ मध्ये सिसिली बेटावरील मेसिना येथे तारामाशाच्या पारदर्शक डिंभाच्या शरीरात बारीक काटे टोचले. दुसऱ्या दिवशी त्या काट्यांभोवती भ्रमणशील पेशींचा गराडा पडलेला त्यांना दिसला. पुढे डॅफ्निया या सूक्ष्म जलचराच्या शरीरातील पेशी बुरशीचे बीजाणू गिळून नष्ट करतात, हेही त्यांनी दाखविले. या पेशींना ‘फॅगोसाइट’, म्हणजे भक्षक पेशी, हे नाव मिळाले. मेचनिकॉव्ह यांनी भक्षक पेशींचे लघुभक्षक आणि बृहद्भक्षक असे दोन वर्ग केले. कार्यावरून केलेले श्वेतपेशींचे हे पहिले महत्त्वाचे वर्गीकरण होय. त्यांचे लघुभक्षक म्हणजे प्रामुख्याने एर्लिख यांच्या न्यूट्रोफिल पेशीच होत्या.

तथापि १८९० मध्ये एमिल फॉन बेहरिंग आणि किटासाटो शिबासाबुरो यांनी धनुर्वात व घटसर्प यांवरील संशोधनातून सिद्ध केले की, प्रतिकारक्षमता पेशीरहित रक्तद्रवातूनही एका प्राण्याकडून दुसऱ्याकडे देता येते. रक्तद्रवातील या प्रतिपिंडांवर उपचार उभारता येत होते, त्यांचे मोजमाप करता येत होते आणि परीक्षानळीत त्यांचा अभ्यास शक्य होता. पेशींच्या बाबतीत यांपैकी काहीच सहजसाध्य नव्हते. १९०८ चे नोबेल पारितोषिक मेचनिकॉव्ह आणि एर्लिख यांना विभागून देण्यात आले. पण प्रयोगशाळांतील कल मात्र पुढील सुमारे अर्धशतक रक्तद्रवाच्याच बाजूने राहिला.

या वादाचा एक धागा मुंबईशी जोडलेला आहे. ओडेसा येथे मेचनिकॉव्ह यांचे विद्यार्थी असलेले वाल्डेमार हाफकिन हे १८९६ मध्ये प्लेगची साथ सुरू झाल्यावर मुंबईस आले. ग्रँट मेडिकल कॉलेजमधील अपुऱ्या जागेत त्यांनी उष्णतेने मारलेल्या जंतूंपासून लस तयार केली आणि १० जानेवारी १८९७ रोजी ती प्रथम स्वतःला टोचून घेतली. १८९९ मध्ये परळ येथील जुन्या गव्हर्न्मेंट हाऊसमध्ये गेलेली त्यांची प्रयोगशाळा १९२५ पासून हाफकिन इन्स्टिट्यूट या नावाने ओळखली जाते. या लसीची ‘आठवण’ शरीरात कोणती पेशी ठेवते, हे लस देणाऱ्यांना किंवा घेणाऱ्यांना, एवढेच नव्हे तर युरोपातील कोणत्याही प्रयोगशाळेला तेव्हा सांगता आले नसते. आचरण सिद्धान्ताच्या पुढे गेले होते. ती आठवण ठेवणारी पेशी वैद्यकाच्या नजरेसमोरच होती. पण तिच्याकडे पाहण्याचे कारण कोणाला दिसत नव्हते.

४. दुर्लक्षित लसीकापेशी

विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात लसीकापेशीविषयी परस्परविरोधी मते प्रचलित होती. ती इतर पेशींची पूर्वावस्था आहे, ती इतरांना पोषण पुरविते, ती अल्पायुषी असून आतड्यात नष्ट होते, अशी अनेक अनुमाने केली गेली. अल्पायुष्याच्या अनुमानाला एक आधारही होता. छातीतील मुख्य लसीकावाहिनीतून रोज रक्तात येणाऱ्या लसीकापेशींची संख्या इतकी मोठी असते की, रक्तातील सर्व लसीकापेशी दिवसातून अनेकदा बदलल्या जात असाव्यात, असा हिशेब निघे. एवढ्या पेशी जातात कोठे, याचे उत्तर मात्र मिळत नव्हते.

याच काळात न्यूयॉर्कच्या रॉकफेलर इन्स्टिट्यूटमधील जेम्स मर्फी यांनी महत्त्वाचे प्रयोग केले. अंड्यातील कोंबडीच्या भ्रूणात परक्या प्राण्याची गाठ वाढू शकते. परंतु प्रौढ कोंबडीच्या प्लीहेचा तुकडा सोबत रोपला असता ती वाढू शकत नाही, असे त्यांना आढळले. परक्या ऊतींचा प्रतिकार लसीकापेशी करतात, हा त्यांचा निष्कर्ष त्यांनी १९२६ मध्ये ग्रंथरूपाने मांडला. तो बरोबर होता, पण तत्कालीन विचारविश्वात त्याला स्थान मिळाले नाही. १९४२ मध्ये लँडस्टायनर आणि चेस यांनी गिनीपिगांवरील प्रयोगांत दाखविले की, त्वचेची विशिष्ट रसायनांविषयीची अतिसंवेदनशीलता रक्तद्रवाने संक्रमित होत नाही, पेशींनी मात्र होते. १९४८ मध्ये स्वीडनच्या अस्ट्रिड फाग्रेउस यांनी प्लाझ्मा पेशी प्रतिपिंडे तयार करतात, याचा भक्कम पुरावा दिला. रक्तद्रवाच्या पक्षाचा मुख्य आधार असलेली प्रतिपिंडेही अखेर पेशींचीच निर्मिती ठरली.

निर्णायक उत्तर ऑक्सफर्ड येथील जेम्स गोवन्स यांनी दिले. १९५० च्या दशकाच्या उत्तरार्धात त्यांनी उंदरांच्या लसीकावाहिनीतून लसीकापेशी गोळा केल्या, त्यांना किरणोत्सारी खूण केली आणि त्या पुन्हा रक्तात सोडल्या. त्या पेशी नष्ट झाल्या नाहीत. रक्तातून लसीकाग्रंथीत, तेथून लसीकेत आणि पुन्हा रक्तात असा त्यांचा अखंड प्रवास चालू असल्याचे दिसले. रोज ‘नव्याने’ येणाऱ्या पेशी बहुतांशी त्याच, फिरून आलेल्या होत्या. या पेशी काढून घेतलेले उंदीर नव्या प्रतिजनाला प्रतिसाद देऊ शकत नाहीत, हेही सिद्ध झाले. अचल आणि अल्पायुषी समजली गेलेली पेशी शरीरभर गस्त घालणारी आणि पूर्वीच्या संसर्गाची स्मृती बाळगणारी ठरली.

५. एक रूप, दोन जाती

लसीकापेशी महत्त्वाची आहे, हे कळल्यावर पुढचा प्रश्न उभा राहिला. प्रतिपिंडे निर्माण करणे आणि परक्या ऊती नाकारणे ही दोन अगदी भिन्न कामे एकच पेशी करते काय? सूक्ष्मदर्शकातून याचे उत्तर मिळणे अशक्य होते. ते पक्ष्यांपासून मिळाले.

पक्ष्यांच्या आतड्याच्या शेवटी ‘फॅब्रिशियसची बर्सा’ नावाची लहान पिशवी असते. तिचे कार्य अज्ञात होते. ओहायो स्टेट विद्यापीठात ब्रूस ग्लिक यांनी नुकत्याच जन्मलेल्या पिल्लांची बर्सा काढून काय होते, हे पाहिले. विशेष काही घडल्याचे दिसले नाही. पुढे टिमोथी चँग या सहकाऱ्याने वर्गात प्रतिपिंडनिर्मितीचे प्रात्यक्षिक दाखविण्यासाठी त्याच कोंबड्या नेल्या आणि त्यांना साल्मोनेला जंतूंचे प्रतिजन टोचले. प्रात्यक्षिक फसले, कारण बर्सा नसलेल्या कोंबड्यांच्या रक्तात प्रतिपिंडे तयारच झाली नाहीत. या फसलेल्या प्रात्यक्षिकाचा अर्थ ओळखून लिहिलेला शोधनिबंध ‘सायन्स’ने नाकारला आणि तो १९५६ मध्ये कुक्कुटपालनविषयक नियतकालिकात प्रसिद्ध झाला. साहजिकच वैद्यकीय संशोधकांचे त्याकडे काही वर्षे फारसे लक्ष गेले नाही.

१९६१ मध्ये लंडन येथे उंदरांतील ल्युकेमियाचा अभ्यास करताना जॅक मिलर यांनी नवजात उंदरांची थायमस ग्रंथी काढली. प्रौढ प्राण्यातील थायमस काढल्याने फारसा फरक पडत नसल्यामुळे ही ग्रंथी निरुपयोगी समजली जात असे. नवजात उंदरांत मात्र परिणाम तीव्र होता. त्यांच्या लसीकापेशी घटल्या, ते संसर्गांना बळी पडू लागले आणि परक्या उंदराची त्वचा त्यांनी विनातक्रार स्वीकारली.

या दोन धाग्यांची गाठ १९६५ मध्ये मिनेसोटा येथे मॅक्स कूपर, रेमंड पीटरसन आणि रॉबर्ट गुड यांनी बांधली. किरणोत्साराने जुन्या लसीकापेशी नष्ट केलेल्या पिल्लांपैकी ज्यांची बर्सा काढली, त्यांच्यात प्लाझ्मा पेशी व प्रतिपिंडे नव्हती; ज्यांची थायमस काढली, त्यांच्यात पेशीजन्य प्रतिकार दुबळा झाला. १९६८ मध्ये मेलबर्न येथे मिलर व ग्रॅहॅम मिचेल यांनी उंदरांतही हे द्वैत दाखविले आणि थायमसमधून आलेल्या पेशी अस्थिमज्जेतून आलेल्या पेशींना प्रतिपिंडनिर्मितीत साहाय्य करतात, हेही स्पष्ट केले. पुढे थायमसवरून ‘टी’ आणि बर्सावरून ‘बी’ ही नावे रूढ झाली. सस्तन प्राण्यांत बर्सा नसते. त्यांच्यात बी पेशी अस्थिमज्जेत घडतात.

येथे वर्गीकरणाचे तत्त्वच बदलले, ही बाब लक्षात घेण्याजोगी आहे. टी आणि बी पेशी लीशमन रंजकाने रंगविलेल्या काचेवर एकसारख्याच दिसतात. त्यांच्यातील भेद रूपाचा नसून उगमाचा आणि कार्याचा आहे.

६. पृष्ठभागावरील खुणा आणि नवी विविधता

१९७० च्या दशकात ही विविधता आणखी विस्तारली. १९७३ मध्ये राल्फ स्टाइनमन आणि झानविल कोन यांनी उंदराच्या प्लीहेत फांद्यांसारखे प्रवर्ध असलेली पेशी ओळखली. प्रतिजनाची ओळख टी पेशींना करून देणारी ही द्रुमाकृती पेशी होय. गंमत अशी की, त्वचेतील अशाच पेशी पाउल लांगरहान्स यांनी १८६८ मध्ये पाहिल्या होत्या. परंतु त्यांच्या फांद्यांवरून त्या चेतापेशी असाव्यात, असा त्यांचा समज झाला होता. रूपाने दिशाभूल केल्याचे हे बोलके उदाहरण आहे. १९७५ च्या सुमारास पूर्वओळखीशिवाय अर्बुदपेशी मारणाऱ्या ‘नैसर्गिक मारक’ लसीकापेशींचाही शोध लागला.

याच वर्षी केंब्रिज येथे गेऑर्ग कोहलर आणि सेझार मिलश्टाइन यांनी एकाच लक्ष्याला चिकटणारी एकसाची प्रतिपिंडे हवी तेवढी बनविण्याची पद्धत शोधली. एर्लिख यांच्या रंगांनी पेशीतील कण वेगळे दाखविले होते. या प्रतिपिंडांनी पेशीच्या पृष्ठभागावरील प्रथिने वेगळी दाखविली. १९८२ मध्ये पॅरिस येथील परिषदेत या खुणांना ‘सीडी’ क्रमांक देण्यास सुरुवात झाली. आज अशा तीनशेहून अधिक खुणा क्रमांकित आहेत. ‘सीडी ४’ खूण असलेल्या साहाय्यक टी पेशी आणि ‘सीडी ८’ खूण असलेल्या मारक टी पेशी हा भेद त्यातून सर्वपरिचित झाला.

हा भेद केवळ शास्त्रीय कुतूहलाचा विषय राहिला नाही. १९८१ मध्ये अमेरिकेत एड्सचे पहिले रुग्ण नोंदले गेले, तेव्हा त्यांच्यातील साहाय्यक टी पेशी घटल्याचे आढळले. एचआयव्ही विषाणू सीडी ४ या प्रथिनाच्या आधारेच पेशीत शिरतो, हे १९८४ मध्ये स्पष्ट झाले. भारतात १ एप्रिल २००४ पासून शासनाने मोफत विषाणुरोधक उपचार सुरू केले. पहिल्या टप्प्यातील राज्यांत महाराष्ट्राचा समावेश होता. उपचार कोणाला सुरू करावयाचे, हे ठरविताना तेव्हा सीडी ४ पेशींची संख्या हा मुख्य निकष होता. २०१७ मध्ये सर्व बाधितांना उपचार देण्याचे धोरण आले आणि ही अट संपली. दरम्यानच्या तेरा वर्षांत असंख्य रुग्णांचे उपचार अशा एका आकड्यावर अवलंबून होते, जो काचेवरील रंगविलेल्या रक्तातून कोणालाही मोजता आला नसता.

टी पेशींतील भेद येथेही थांबले नाहीत. प्रतिकाराला आवर घालणाऱ्या पेशी असाव्यात, ही कल्पना १९७० च्या दशकात मांडली गेली. परंतु तिला ठोस खूण न मिळाल्याने पुढील दशकात ती बदनाम झाली. १९९५ मध्ये शिमोन साकागुची यांनी अशा पेशींची निश्चित ओळख पटविली. २००१ मध्ये मेरी ब्रंकाव आणि फ्रेड रॅम्सडेल यांनी फॉक्सपी ३ या जनुकाचे महत्त्व दाखविले आणि ते जनुक याच नियामक पेशींची घडण ठरविते, हे २००३ मध्ये सिद्ध झाले. या तिघांना २०२५ चे वैद्यकशास्त्राचे नोबेल पारितोषिक देण्यात आले.

निष्कर्ष

वरील विवेचनावरून पुढील निष्कर्ष काढता येतात.

१) श्वेतपेशींच्या विविधतेच्या ज्ञानातील प्रत्येक मोठी प्रगती नव्या साधनाशी निगडित आहे. कापडाचे रंग, किरणोत्सारी खुणा, कोंबडीवरील शस्त्रक्रिया आणि एकसाची प्रतिपिंडे यांनी प्रत्येक वेळी पूर्वी एकच वाटणाऱ्या समूहातून नव्या जाती वेगळ्या काढल्या.

२) साधन जे दाखविते, तेच महत्त्वाचे मानण्याकडे शास्त्राचा कल राहिला. कणयुक्त पेशींना नावे आणि कार्ये लवकर मिळाली. कणरहित लसीकापेशीला साधी म्हणून उपेक्षा सोसावी लागली, वास्तविक सर्वाधिक अंतर्गत विविधता तिच्यातच होती.

३) मर्फी यांचा ग्रंथ आणि ग्लिक यांचा शोधनिबंध यांच्या बाबतीत पुरावा उपलब्ध होता, तो सामावून घेणारी चौकट नव्हती. शोध कोठे प्रसिद्ध होतो, यावरही तो किती लवकर स्वीकारला जातो हे अवलंबून असते.

४) जुने वर्गीकरण नव्याने रद्द झाले नाही. एर्लिख यांचे पाच स्तंभांचे कोष्टक आजही कमी खर्चात, अल्प वेळात निदानाची पहिली दिशा देते.

एकविसाव्या शतकात एकेका पेशीतील आरएनए वाचण्याचे तंत्र उपलब्ध झाल्याने वर्गांची संख्या पुन्हा वाढत आहे. जे वेगळे दिसते, ती स्वतंत्र जात म्हणावी की त्याच पेशीची तात्पुरती अवस्था, हा प्रश्न त्यातून नव्याने उभा राहिला आहे. रक्ताच्या अहवालातील ‘लिम्फोसाइट’ या एका शब्दाखाली किती भिन्न पेशी एकत्र मोजल्या जातात, हे ध्यानात घेतल्यास त्या प्रश्नाचे गांभीर्य लक्षात येते. नाव दिल्याने पेशीची ओळख सुरू होते, पूर्ण होत नाही, हीच या दीडशे वर्षांच्या इतिहासाची शिकवण होय.